गौराक्कांची बाटली

ये, अशी पुढं सरक. दारात उभी राहून बोलू नकोस. आणि ती निळ्या औषधाची बाटली आधी पिशवीत परत टाक. एवढी शिकलीस आणि फरशी पुसायला विकतचं आणतेस? गौराक्का असत्या तर तुला उंबऱ्याबाहेरच बसवलं असतं.

गौराक्का म्हणजे आमच्या शेजारच्या. माहेर कुरुंदवाडचं, बोलणं निम्मं मराठी, निम्मं कानडी. मला 'तंगी' म्हणायच्या, तिकडं धाकट्या बहिणीला म्हणतात तसं. कुणाच्याही घरी गेल्या की बसायच्या आधी खाली वाकायच्या, फरशीवरून बोट ओढायच्या आणि ते नाकाला लावायच्या. मग निकाल. "पावडर. तीबी वासाची." एवढंच म्हणायच्या, पण त्या घरच्या बाईच्या हातातला चहा गार व्हायचा.

गल्लीत घरोघरी केबल आली आणि जाहिराती बघून बायका फेसाला भुलल्या. अक्का तेव्हापासून पेटलेल्या. "फेस म्हंजे नुसता रुबाब. मळ काढतंय ते आंबट." त्यांचं औषध काय, तर लिंबाच्या साली, काळा गूळ आणि पाणी. कॅनमध्ये भरून तीन महिने आंबवायचं. सुरुवातीला रोज सकाळी झाकण सैल करून आतला वारा सोडायचा. तो 'फुस्स' कानावर पडल्याशिवाय अक्का चहाला तोंड लावायच्या नाहीत.

आता एवढ्या साली आणायच्या कुठून? गल्लीत कुणाकडं मटणाचं जेवण असलं की अक्का हजर. स्वतः पक्क्या लिंगायत, अंडंसुद्धा घरात येऊ देत नसत. पण पंगत उठली की एका हातात बादली, एका हातात चिमटा घेऊन ताटाताटातनं पिळलेली लिंबं वेचायच्या. मी एकदा न राहवून विचारलं, की अक्का, मटणाच्या ताटातलं चालतं का हो तुम्हाला? म्हणाल्या, "मला न्हाय चालत. फरशीनं कुठं माळ घातलीया?"

एका उन्हाळ्यात कॅन जरा जास्तच झाले आणि वास गल्लीभर सुटला. आंबलेल्या गुळाचा वास ओळखणारी नाकं आमच्याकडं कमी नव्हती. कुणीतरी चौकीवर जाऊन सांगितलं, की म्हातारी घरात दारू गाळतीया. हवालदार आला. अक्कांनी त्याला पावणं, बसा म्हणून पाटावर बसवलं, त्याचा पट्टा काढून घेतला आणि पितळी बक्कल औषधात बुडवलं. तो बिचारा एका हातानं पँट धरून, एका हातानं चहा पीत बसला. थोड्या वेळानं बक्कल असं लखलखलं की त्याला आपण कशाला आलोय तेच आठवेना. जाताना त्याच्या खिशात अक्कांनी बाटली घातली. पुढच्या आठवड्यात तो रिकामी बाटली परत द्यायला आला, सायकलवरनं, साध्या कपड्यात.

हां, ही बाटली. तिचं सांगायचंच राहिलं. खोकल्याच्या औषधाची, तळहाताएवढी. वर चिठ्ठी: 'पिऊ नये. बाटली परत करणे.' आठ दिवस कशीबशी पुरायची. रिकामी आणून दिल्याशिवाय दुसरी नाही. एक दिवस उशीर झाला की खिडकीतून हाक यायची, "तंगी, बाटली गिळलीस व्हय गं?" बाटली दिली तरी सुटका कुठली. ती तीनदा धुणार, उन्हात पालथी घालणार, आणि पुरती वाळल्याशिवाय भरणार नाही. तोवर बसायचं. शेंगाची चटणी, भाकरी आणि कुरुंदवाडच्या गप्पा.

मला घरची शंभर कामं. शेवटी मी पाच लिटरचा तेलाचा कॅन स्वच्छ धुतला आणि घेऊन गेले. म्हटलं, अक्का, एकदाच भरून द्या, म्हणजे वर्षभराची काळजी मिटली. तुम्हालाही त्रास नको, मलाही हेलपाटा नको.

अक्कांनी कॅन हातात घेतला नाही. चष्मा काढून पदरानं पुसत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या,

"मग तू यायचीस कवा?"

जिन्याखाली बघितलं, तर भरलेले आठ-दहा कॅन ओळीनं उभे. औषधाला काही तोटा नव्हता. मालक जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा बेंगलोरला, त्याचा रविवारी फोन. बाकीचे सहा दिवस मी कधी मोजलेच नव्हते.

कॅन घरी आणला आणि त्यात अळू लावलं. सकाळी माझी बाटली बघितली, तर अजून निम्मी भरलेली. ती मोरीत ओतली, आणि रिकामी बाटली घेऊन अक्कांच्या दारात उभी राहिले. त्यांनी ती उजेडाला धरून बघितली. "लवकर संपलं की गं," म्हणाल्या, आणि धुवायला घेऊन गेल्या. तेव्हापासून माझी फरशी फार मळायला लागली.

आता अक्का नाहीत. त्यांचे कॅन माझ्या जिन्याखाली आहेत, त्यात नवं आता मी आंबवते, सकाळी झाकणं सैल करते. ही घे तुझी बाटली. संपली की ये लगेच. आणि हे बघ, घरनं मोठा डबाबिबा आणू नकोस. हीच आण.