तिसऱ्यांदा पडलात तर

एखादी वस्तू जोडण्यासाठी सोबतची माहितीपुस्तिका वाचावी लागत असेल, तर दोष वस्तूत तरी असतो किंवा वाचणाऱ्यात तरी, हे माझे जुने मत. एकतीस वर्षे मी चँडलर या अमेरिकन शहरातल्या एका संगणक-चिपच्या कारखान्यात केसाच्या हजाराव्या हिश्श्याएवढे दोष शोधून काढत होतो. त्यामुळे निवृत्तीनंतर घेतलेली पहिली इलेक्ट्रिक सायकल खोक्यातून बाहेर आली, तेव्हा मी पुस्तिका बाजूला ठेवली आणि पाऊण तासात सायकल उभी केली. दोन वॉशर उरले. तो उत्पादकाचा उदारपणा मानून मी ते डबीत ठेवले.

माझ्या अपेक्षा माफक होत्या. ग्रंथालय, कालव्याकाठचा रस्ता आणि इंडियन ग्रोसरीतून एखादी कोथिंबिरीची जुडी. पायडल अर्धे फिरवले की मोटर पाठीमागून ढकलू लागे, पंगतीत आग्रह करणाऱ्या यजमानासारखी, आदराने, पण नकार न ऐकता. एकच अडचण होती. मी पडत होतो.

पहिल्यांदा घराच्याच कोपऱ्यावर. वळताना बुटाचे टोक पुढच्या चाकाला लागले आणि मी शेजाऱ्याच्या शोभेच्या खडीवर आडवा झालो. निवडुंग तिथून अर्ध्या मीटरवर होता. त्या अर्ध्या मीटरचा मी आजही ऋणी आहे. दुसऱ्यांदा कालव्याच्या वळणावर, दोन बदकांच्या साक्षीने.

माझी पत्नी शोभना निवृत्त भूलतज्ज्ञ आहे. आपण बोलत असताना समोरचाही बोलतो, याची तिला व्यवसायामुळे सवय नाही.

"अहो, या वयात हिप मोडलं की काय होतं, ते मी तीस वर्षं टेबलाच्या उशाशी बसून बघितलंय," ती म्हणाली. "आता तिसऱ्यांदा पडलात तर सायकल परत. महिन्याच्या आत रिटर्न घेतात. पुस्तिकेत लिहिलंय."

"तू पुस्तिका वाचलीस?"

"कुणीतरी वाचायला हवी ना. मी शेवटचं पान वाचलं."

मला सायकल परत द्यायची नव्हती. सांगायला संकोच वाटतो, पण ती चालवताना मी शीळ घालू लागलो होतो.

शोभनाला संशय माझ्या कानाचा होता. शरीराचा तोल अंतर्कर्णात असतो. तिने मला स्वयंपाकघरातल्या फरशीच्या रेषेवरून टाचेला अंगठा लावून सिंकपर्यंत चालवले. मी नीट चाललो. तिने परत चालवले. तरीही मी नीट चाललो, आणि ती अधिकच काळजीत पडली.

मी स्वतः आधी पुरावा गोळा करायचे ठरवले. तोल जाण्याच्या प्रत्येक प्रसंगाची तारीख, वेग आणि वळणाची दिशा एका तक्त्यात लिहू लागलो. नशिबाने तुलनेसाठी दुसरा माणूसही मिळाला. दोन गल्ल्या पलीकडे राहणारे श्रीराम, मूळचे नागपूरचे, गणित शिकवून निवृत्त झालेले, यांनी माझ्याकडे पाहून तशीच सायकल मागवली होती. तीही मीच जोडून दिली. अनुभवामुळे या खेपेस अर्धाच तास लागला. दुसऱ्याच दिवशी श्रीराम देवळाच्या पार्किंगमध्ये पडले.

मला झालेला आनंद मी शक्य तितका झाकला. दोन सायकली, दोन माणसे आणि एकच लक्षण! अर्थात सायकल निर्दोष होती, आणि कारण दोन्ही माणसांत समान असलेले, म्हणजे वय, हे होते. त्यानंतर दर शनिवारी मी त्यांना फोन करू लागलो.

"श्रीराम, या आठवड्यात?"

"हो, पडलो ना मनोहरराव."

"डावीकडे की उजवीकडे?"

"तुमचा तोल कुठं जात होता?"

"डावीकडे."

"मग माझाही डावीकडेच."

इतके जुळणारे आकडे मला नोकरीतही क्वचितच मिळाले होते.

सत्ताविसाव्या दिवशी शोभनाने डॉक्टर सिद्धेशची वेळ घेतली. सिद्धेश आमच्या मराठी मंडळातला, चाळिशीचा, कान-नाक-घशाचा तज्ज्ञ. लक्षण फक्त सायकलवर दिसते, तेव्हा तपासणीला सायकलही हजर हवी, असा युक्तिवाद करून मी तीन मैल सायकलनेच गेलो. शोभना माझ्यामागून गाडीने, धोक्याचे दिवे लावून, ताशी दहा मैलांच्या वेगाने आली. तिच्यामागे सात गाड्या साचल्या. पदपथावरच्या एका सद्गृहस्थाने अंत्ययात्रा समजून टोपी काढली.

सिद्धेशने मला डोळे मिटून एका पायावर उभे केले, मान हलवली आणि कानात कोमट पाणी सोडले. मग तो खुर्चीत मागे टेकला.

"काका, सगळं नॉर्मल आहे. कान तर एकदम तिशीतले आहेत."

"मग हे पडतात का?" शोभना म्हणाली.

"वळताना पाय चाकाला लागतो," मी खुलासा केला. "वयोमानानुसार पायाच्या स्थितीचा मेंदूला येणारा अंदाज..."

सिद्धेश माझ्याकडे पाहत नव्हता. तो माझ्या खांद्यावरून खिडकीबाहेर पाहत होता.

"काका, ती निळी बाइक तुमची?"

"होय."

"कुणी असेंबल केली?"

"मी," मी मान ताठ करून म्हणालो.

तो उठून खिडकीपाशी गेला. "काका, फोर्क उलटा लावलाय तुम्ही."

पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या दांड्याला फोर्क म्हणतात. तो चाक किंचित पुढे नेऊन धरतो. माझ्या सायकलीत तो ते तितकेच मागे, थेट माझ्या बुटांच्या भेटीला आणत होता. सिद्धेश स्वतः दर रविवारी पन्नास मैल सायकल चालवतो. त्याला हे वीस पावलांवरून दिसले.

"म्हणजे यांना काही झालेलं नाही?" शोभनाने विचारले.

"जे झालंय ते बाइकला झालंय, काकू."

तेवढ्यात मला श्रीराम आठवले. मी तिथूनच फोन लावला. कानात पाणी असल्याने स्पीकरवर ठेवला.

"श्रीराम, सायकलवर अजिबात बसू नका. माझ्याकडून मोठी चूक झालीय. तुमचा फोर्क..."

"उलटा होता ना?" श्रीराम शांतपणे म्हणाले. "देवळापाशी पडलो, त्याच दिवशी दुकानात नेऊन सरळ करून घेतला."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही इतक्या प्रेमानं जोडून दिली होती. बरं दिसलं नसतं."

"पण तुम्ही तर दर आठवड्याला पडत होतात."

"तुम्ही विचारत होता ना, मनोहरराव. नाही म्हटलं की तुमचा आवाज उतरायचा."

गंजलेल्या यंत्रांनी दिलेले आणि घाईत घेतलेले आकडे मी आयुष्यात पुष्कळ पाहिले होते. सौजन्याने बिघडलेले आकडे प्रथमच पाहत होतो.

सिद्धेशने आपल्या गाडीच्या डिकीतून ॲलन कीचा, म्हणजे षट्कोनी किल्ल्यांचा, संच आणला. दहा मिनिटांत फोर्क फिरला, ब्रेकची केबल सरळ झाली, चाक माझ्या पायांपासून सभ्य अंतरावर गेले. शोभना उन्हाचा चष्मा लावून पार्किंगच्या कडेला उभी राहिली. मी निघालो.

हँडल लोण्यासारखे वळत होते, आणि नेमकी तीच अडचण झाली. सव्वीस दिवस मी उलटी सायकल चालवायला शिकलो होतो. वळण आले की पाय बाहेर काढायचा आणि हँडल जोराने रेटायचे, हे शरीराला पाठ झाले होते. शरीराने पाठ म्हणून दाखवले. हँडलने जन्मात प्रथमच माझे तत्काळ ऐकले, आणि मी सायकलसह कण्हेरीच्या कुंपणात गेलो.

शोभना न धावता आली. "हा पाय हलवा. आता दुसरा. श्वास घेताना दुखतंय?"

"नाही." ती काही म्हणण्याआधी मीच म्हणालो, "तिसऱ्यांदा."

वैज्ञानिक प्रामाणिकपणा असाच नको त्या वेळी उफाळून येतो.

तिने माझ्या शर्टवरची कण्हेरीची पाने झटकली. एक-दोन नव्हती, त्यामुळे थोडा वेळ गेला.

"नाही," ती म्हणाली. "आधीचं दोनदा पडणं आजारामुळे झालं. हा ट्रीटमेंटचा साइड इफेक्ट आहे. साइड इफेक्ट वेगळा धरतात. काय रे सिद्धेश?"

सिद्धेशने आपल्या बुटांकडे बारकाईने पाहिले आणि मान डोलावली.

या वर्गीकरणाला वैद्यकशास्त्रात कितपत आधार आहे, हे मी दोघांनाही विचारले नाही. पुरावा न मागता मी स्वीकारलेले हे पहिलेच विधान. घरी परत मी सायकलनेच आलो, आणि शीळ मी घातली नाही, असे निदान शोभनाला तरी सांगता येते; ती मागे गाडीत होती आणि काचा वर होत्या.