किती टक्के मोकळे?

सकाळी दुकानाचं शटर वर केलं की शेजारी माणूस 'चहा झाला का' म्हणून विचारतो. आमचे प्रल्हादभाऊ विचारत, "उद्या किती टक्के मोकळे तुमी?"

आता मी पडलो किराणावाला. गिऱ्हाईक आलं तर आलं, नाहीतर माशा मारत बसतो. टक्के कुठून सांगू? पण सांगितल्याशिवाय हा गडी जागचा हलायचा नाही. जन्मभर पुलांच्या ठेकेदाराकडे कामांची वेळापत्रकं केली यांनी. रिटायर होऊन वाशीमला आले ते लॅपटॉप आणि त्यातलं ते सॉफ्टवेअर घेऊनच. कोणतं काम, किती वेळ, कोण करणार, सगळं त्यात भरायचं. एक माणूस वाढवला की कामाचे दिवस आपोआप कमी होत. भाऊ टाळी मागून म्हणत, "माणूस वाढवा, टाइम घटवा!" पूल संपले, तर आमची गल्ली सापडली यांना.

एकदा गल्लीनं शेतातल्या मारुतीपाशी रोडग्यांचं, म्हणजे गोवऱ्यांत भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचं, जेवण ठेवलं. भाऊंनी मला निम्मा पाण्यावर लावला, निम्मा वांगी चिरायला, आणि वर निम्मा वाढायला. लॅपटॉपात माझं नाव लाल झालं. "दुकानदार, तुमी लाल झाले! दीडशे टक्के!" म्हणजे झेपणार नाही एवढं काम माझ्या नावावर चढलं होतं. चढवलं कोणी? यांनीच! आणि ओरडा मला.

कणीक मळायला माणसं वाढवली, वेळ घटला. झकास. मग भाऊंनी गोवऱ्यांच्या भट्टीवरही दोनाची चार माणसं केली. सॉफ्टवेअरनं रोडगे भाजायचा वेळही निम्मा करून दिला, आणि त्या हिशेबानं रिसोडच्या पाहुण्यांना लवकर बोलावलं गेलं. पंगत बसली. रोडगा फोडला तर आत कच्ची कणीक!

सुमनवैनी, म्हणजे भाऊंच्या सौभाग्यवती, पदर खोचून उठल्या. "काहो, चार जण भट्टीपाशी उभे राह्यले म्हनून रोडगा लवकर भाजते काय? आगीले माणसं मोजता येते काय? अक्कल माणसाले पायजे, कंपुटरले नाही!"

अख्खी पंगत खो खो हसली. भाऊ खाली मान घालून म्हणाले, "एक टिक काढाची राह्यली." त्यात म्हणे एक खूण असते. ती काढली की माणसं कितीही वाढवा, वेळ हलत नाही.

भाऊंना असं झापणारी ती एकच बाई. आणि खरं सांगू, भाऊंना ते आवडायचं. बोलणी खाऊन मिशीत हसायचे.

मागच्या पोळ्याच्या सुमारास वैनींना लकव्याचा झटका आला. हातपाय हळूहळू चालू लागले, पण वाचा गेली. सगळं समजायचं, ओठ हलायचे, शब्द निघायचा नाही. ते घर इतकं गप्प कधी नव्हतं.

भाऊंनी काय करावं? लॅपटॉप उघडला. काम: सुमनचं बोलणं. अकोल्याहून येणारी वाचा शिकवणारी पोरगी, वैनींच्या बहिणी, माझी बायको, गल्लीतल्या झाडून साऱ्या बाया, सगळ्यांना पाळ्या लावून दिल्या. एवढी माणसं पाहून सॉफ्टवेअरनं तारीख पार जवळ आणून ठेवली. "दिवाळीले बोलते पाहा," भाऊ ज्याला त्याला सांगत सुटले.

दिवसभर बाया यायच्या. "म्हना वैनी, पानी! म्हना, चहा!" दिवाळी आली आणि गेली. वैनींनी भिंतीकडे तोंड फिरवलं, डोळ्यांना धार लागली. त्या पोरीनं भाऊंना बाजूला घेतलं. "काका, गर्दी नको. एकाच माणसानं रोज निवांत बोलत राहायचं. वेळ लागेल तेवढा लागेल."

भाऊ एकेक नाव काढत होते तेव्हा मी शेजारी बसलो होतो. बहिणी काढल्या. माझी बायको काढली. प्रत्येक नावासरशी तारीख पुढं सरके. पुढच्या वर्षात गेली, त्याच्याही पलीकडे गेली. शेवटी एकटं त्यांचं नाव उरलं. भाऊ लॅपटॉपचं झाकण लावून म्हणाले, "जाऊ द्या."

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ ओसरीवर वैनींची खुर्ची आणि शेजारी भाऊ. पण बायकोशी गप्पा मारायची या माणसाला सवय कुठली? वैनी घरी, हे पुलावर, असाच संसार झालेला. पहिले काही दिवस सोयाबीनचा भाव सांगून गप्प बसायचे. मग सुटले ते सुटलेच. लग्नानंतर जऊळक्याच्या स्टेशनावर गाडी चुकली ते. परमुलखात तापानं पडले असताना हिच्या हातच्या भाकरीची आठवण येऊन रडले होते ते. हे तिला आजवर कधी सांगितलंच नव्हतं! दुकानात मला सगळं ऐकू यायचं. मी रेडिओ लावायचा बंद केला.

होळी तोंडावर आली होती. एका दुपारी भाऊ अनवाणी धावत दुकानात आले. मी गल्ल्यावरून उठलो. "काय झालं, भाऊ?"

"बोलली!" त्यांना दम लागला होता. "मी आपला सांगून राह्यलो होतो, सांगूनच राह्यलो होतो. तिनं माया हात धरला अन् म्हणली, चूप! साफ म्हणली, दुकानदार. चूप!"

"मग तुमी काय केलं?"

"काय करतो? बसलो घडीभर चूप. पण कोनाले तरी सांगा लागन ना!" असं म्हणून भाऊ साखरेच्या पोत्यावर बसले आणि लहान पोरासारखे रडायला लागले.