रेडॉनसाठी स्थळ

आमच्या शेजारच्या गद्रे मास्तरांना रेडॉन नावाच्या वायूचं लग्न जमवायचं होतं.

मास्तर कर्जतच्या शाळेत सायन्स शिकवत, मी भूगोल. हीलियम, निऑन, रेडॉन ही मंडळी कुणाशीच संयोग पावत नाहीत, असं पुस्तकात छापलेलं. मास्तर ती ओळ मोठ्यानं वाचत आणि लगेच विचारत, "पण विचारलं कुणी?"

रेडॉनवर त्यांचा विशेष जीव. "रेडियमच्या पोटी जन्म, आयुष्य तोकडं. आज अख्खा, तर चार दिवसांनी निम्मा! बिचाऱ्यानं स्थळं बघायची कधी? पण घर, म्हणजे अणू, ऐसपैस. ओसरीवरचे इलेक्ट्रॉन माजघरापासून लांब, धरही सैल. फ्लोरीनसारखं जबरदस्त स्थळ आलं, की बघा."

एकदा इन्स्पेक्टरसाहेबांनी वर्गाला विचारलं, "रेडॉन कशाशी संयोग पावतो?"

सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "अजून नाय, पण जमंल!"

साहेब लालबुंद झाले. फळ्यावर 'कधीच नाही' लिहा म्हणाले. मास्तरांनी सुवाच्य अक्षरात 'अजून नाही' लिहिलं. शेरा वाईट मिळाला. त्या संध्याकाळी मास्तरांनी रेशनची उरलीसुरली साखर घालून मला चहा पाजला.

बाकी माणूस एकटा. बायको नाही, नातलग नाहीत. यांना माणसांचा कंटाळा आहे, असं आळीनं परस्पर ठरवून टाकलं होतं.

माझ्या मुलीचं लग्न ठरलं. कळंबच्या धर्मामामांना घेऊन मी घरोघर अक्षता देत निघालो. मास्तरांचं दार आलं तशी मामांनी माझी बाही ओढली. "त्यांना कशाला रं? ते कुठं येत नाय."

"कोण म्हणालं?"

"समदेच म्हणत्यात."

समद्यांत मीही होतो. अकरा वर्षांचा शेजार, आणि एकाही कार्याला मी त्यांना बोलावलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

"मामा," मी म्हणालो, "पण विचारलं कुणी?" आणि कडी वाजवली.

मास्तरांनी ओंजळ पुढे केली. अक्षतांकडे बघतच राहिले. "मला?" एवढंच म्हणाले.

मुहूर्त साडेदहाचा. मास्तर सातलाच मांडवात हजर, इस्त्रीचा कोट घालून. आल्या आल्या पाट मांडले, आंब्याची डहाळी बांधली, आचाऱ्याला आधणाबद्दल दोन गोष्टी सुनावल्या. धर्मामामा मला म्हणाले, "मानूस लई बोलका हाय रं!"

मंगलाष्टकं सुरू झाली. मास्तरांनी खिशातून बुचाची परीक्षानळी काढली. आत मी दिलेल्या अक्षता होत्या. मला वाटलं, याच टाकणार. पण 'सावधान' झालं तेव्हा त्यांनी ताटातल्या मूठभर उचलून टाकल्या, आणि नळी जपून पुन्हा खिशात ठेवली.