चौदाची की वीसची

शनिवारी सकाळी फोटोग्राफर आपल्याच हॉलमध्ये, कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत पाठ घालून उभा होता. एक पाय स्टुलावर, डोळा कॅमेऱ्याला आणि पोट जमेल तितकं आत.

“काय चाललंय?” बायकोने विचारलं.

“टेस्ट. नवीन लेन्सची. तू जरा मधे ये किंवा बाहेर जा. कडेला उभी राहिलीस की जाड दिसतेस.”

ती बाहेर गेली. लग्नाला सतरा वर्षं झाल्यावर असली वाक्यं मनाला लावून घ्यायची नसतात, हे तिला अनुभवाने कळलं होतं.

फोटोग्राफरकडे नऊ वर्षांचा एकच कॅमेरा होता आणि तो हल्ली ऐन वेळी मान टाकायचा. गेल्या महिन्यात एका कारखान्याच्या निरोप समारंभात निवृत्त होणारे साहेब मालकांचा हात हातात धरून दोन मिनिटं हसत उभे राहिले आणि कॅमेऱ्याने ‘टिक’सुद्धा केलं नाही. शिवाय मोठा ग्रुप बसवायचा तर त्याला मागे मागे सरकावं लागे. एकदा तो असाच सरकत सरकत सभागृहाबाहेर गेला आणि शिपायाने दार लावून घेतलं. तेव्हा दुसरी बॉडी, म्हणजे नुसता कॅमेरा, आणि जवळूनही सगळं मावणारी एक वाइड लेन्स घ्यायची, हे चार महिन्यांपूर्वीच ठरलं होतं. कोणती, ते मात्र ठरत नव्हतं. बॉडी दोन पसंत होत्या आणि लेन्स दोन, एक चौदा मिलिमीटरची, एक वीसची; आकडा जितका लहान तितकी जागा मोठी दिसते. त्याने इतके व्हिडिओ पाहिले की जेवताना तो बायकोला मीठ मागायच्या आधी सेन्सर समजावून सांगायचा. शेवटी दुकानदार थकला. “दोन्ही बॉडी, दोन्ही लेन्स घरी न्या,” तो म्हणाला. “सोमवारी परत आणा. पण येताना कृपा करून काहीतरी ठरवून या.”

दुपारी त्याने बायकोला चौदाच्या लेन्सने काढलेला फोटो दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली.

“हा आपला हॉल?”

“मग कुणाचा?”

“एवढा कधी झाला?”

“आहे तेवढाच आहे. चांगल्या लेन्सचं हेच तर असतं, आहे तसं दाखवते. रेषा बघ, कुठे वाकलीय? खोटेपणा नाही हिच्यात.”

हे वाक्य त्याने खरेदीला मंजुरी मिळावी म्हणून टाकलं होतं. ते पुढे आपल्याच गळ्यात पडणार आहे, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

बायकोने तो फोटो लगेच आपल्या आईला पाठवला. कारण साधं होतं. हॉलचे निळे पडदे आईने स्वतःच्या हाताने शिवून दिले होते आणि लावल्यावर कसे दिसतात ते दाखव म्हणून आठवडाभर ती मागे लागली होती. दहा मिनिटांत फोन आला. तो जावयाला होता.

“जावईबापू, पडदे छान बसलेत,” सासूबाई म्हणाल्या. “पण काय हो, खिडकीपासून सोफ्यापर्यंत चालत जायला किती वेळ लागतो?”

फोटोग्राफर सावध झाला, आणि सावध होण्यासारखंच होतं. दोन वर्षांपूर्वी सासूबाई न्हाणीघरात पडल्या. तेव्हापासून हातात काठी, घर तिसऱ्या मजल्यावर, आणि घरात दुसरं माणूस नाही. मुलाची सारखी बदली. बायको एक दिवसाआड दोन बस बदलून त्यांच्याकडे जायची. त्यांना इथेच आणू या, असं तिने सुचवलं की फोटोग्राफर कळवळून म्हणायचा, “आणलं असतं गं. पण जागा कुठे आहे? वळायचं म्हटलं तर माणूस भिंतीला घासतो.” सासूबाईंनाही त्याने हेच सांगितलं होतं आणि त्यांनी विश्वास ठेवला होता. खरी गोष्ट अशी की हॉलची एक बाजू त्याच्या दिव्यांनी, दिव्यांवर लावायच्या छत्र्यांनी आणि स्टँडनी अडवलेली होती. तिला तो स्टुडिओ म्हणायचा आणि ती त्याला सोडायची नव्हती. आजच्या टेस्टसाठी तेवढं सामान त्याने आतल्या खोलीत ढकललं होतं, एवढंच.

“आई, ती लेन्सची करामत आहे,” तो म्हणाला. “त्या लेन्सने सगळंच मोठं दिसतं. प्रत्यक्षात तुम्ही...”

त्याने मान वळवली. बायको दारात उभी होती.

“खोटेपणा नाही ना हिच्यात?” ती म्हणाली आणि आत गेली.

आता त्याची पंचाईत झाली. लेन्स खरी म्हणावी तर सासूबाई येणार, खोटी म्हणावी तर लेन्स जाणार. त्याने मधला मार्ग काढला. दुसरा फोटो पाठवायचा, वीसच्या लेन्सने आणि दुसऱ्या बॉडीवर. तो काढला, पण त्यातही हॉल ऐसपैसच दिसला. मग त्याने स्टुडिओ परत बाहेर आणला. दिवे आणले, छत्र्या उघडल्या, कपडे वाळत घालायचा घोडा आणला, तीन सुटकेस एकावर एक रचल्या आणि आपली जुनी सायकलही सोफ्याला टेकवली. घाम पुसून फोटो काढला. आता मात्र हॉल गोदामासारखा दिसत होता. “आई, हे खरं चित्र,” असं लिहून त्याने तो पाठवला.

सासूबाईंचं उत्तर आलं, “ही दुसरी खोली वाटतं. हिलाही पडदे केलेत की. हिरवा रंगही बरा दिसतोय.”

दुसरी बॉडी रंग जरा पिवळट दाखवते, हे त्याने चार महिन्यांत निदान तीस ठिकाणी वाचलं होतं. निळे पडदे हिरवे झाले होते. घर लहान करायला घेतलं आणि उलट त्याला एक खोली फुटली होती.

संध्याकाळी मेहुण्याचा फोन आला. तो सुट्टीवर आईकडे आला होता. “भावोजी, मोठं घर घेतलंत आणि एका शब्दाने बोलला नाहीत? आईने फोटो दाखवले. एक बसायची खोली आणि एक खास सामानाची. मला परवा कामावर परत जायचंय, त्यामुळे उद्या सकाळीच तिला सोडतो. सामान घेऊनच येतो.”

“अरे, पण नवीन घर वगैरे काही नाही. तेच आहे.”

“तेच? मग इतके दिवस जागा नाही असं आई का सांगत होती?”

फोटोग्राफरने नेटवर्क नसल्यासारखं दोनदा “हॅलो” म्हटलं आणि फोन ठेवला.

बायको समोर बसली होती. ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. “मला आई इथे हवी आहे,” ती म्हणाली. “रोज फोन वाजला की मला वाटतं, ती परत पडली. दोन वर्षं मी या घरावर चिडत होते, लहान आहे म्हणून. घराची काही चूक नव्हती.” त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. त्याला फार वाईट वाटलं, पण वाईट वाटून स्टँड आपोआप घडी होत नाहीत. सगळा पसारा तसाच ठेवून तो झोपला. उद्या आईच स्वतःच्या डोळ्यांनी बघतील आणि परत जातील, अशी एक लाजिरवाणी आशा त्याला अजून होती.

रविवारी दहा वाजता सासूबाई आल्या. मेहुणा खाली गाडी लावायला जागा शोधत होता. काठी टेकत, छत्र्यांमधून वाट काढत त्या सोफ्यापर्यंत आल्या, सायकल बाजूला करवून बसल्या आणि पडद्यांकडे बघितलं.

“हे तर निळे आहेत.”

“हो आई.”

“मग ही पहिली खोली. आता ती सामानाची दाखवा.”

बायकोने खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. मदत येणार नव्हती.

“आई, ती हीच,” फोटोग्राफर म्हणाला.

“पण पहिल्या फोटोत तर सामान नव्हतं.”

“मी आणून ठेवलं.”

“सायकलसुद्धा?”

“सायकलसुद्धा.”

“कशाला?”

चार महिन्यांत कुठलीच गोष्ट चटकन ठरवता न आलेल्या त्या माणसाने इथे मात्र वेळ लावला नाही. “खोली लहान दिसावी म्हणून,” तो म्हणाला.

सासूबाई रागावल्या नाहीत. त्यांनी जन्मभर लोकांची मापं घेतली होती. त्यांनी भिंतीपासून भिंतीपर्यंत एकदा नजर फिरवली आणि काठी मांडीवर आडवी ठेवली.

“पहिल्या फोटोत दिसत होती त्याच्या निम्मी आहे,” त्या म्हणाल्या.

“तेच मी...”

“आणि तुम्ही सांगत होता त्याच्या दुप्पट आहे. मला पुरेल. शिलाई मशीन खाली गाडीत आहे. जड आहे, दोघं जा.”

फोटोग्राफरने आधी दिव्यांचे दोन स्टँड मिटले, मग छत्र्या मिटल्या, आणि मग तो खाली गेला. त्याला लाज वाटत होती, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच मोकळंही वाटत होतं. मशीनची एक बाजू त्याने धरली, दुसरी बायकोने. जिन्याच्या वळणावर दम घ्यायला दोघं थांबली.

“उद्या दुकानात जायचंय,” तो भीत भीत म्हणाला. “कोणती घेऊ?”

बायको आदल्या संध्याकाळनंतर पहिल्यांदाच त्याच्याशी बोलली.

“वीसची घ्या,” ती म्हणाली. “चौदाची घेतलीत तर फोटो बघून तुमच्या तिन्ही आत्याही राहायला येतील.”