चाळीस मिनिटांचा विमानप्रवास

लेकीचे दिवस भरत आले होते आणि तिची आई विमानात बसायला तयार नव्हती. "रस्त्याने न्या, पाण्याने न्या, अधांतरी मी जाणार नाही," एवढंच तिचं पालुपद. परक्या शहरात पहिल्या बाळंतपणाला लेक एकटी पडणार, या विचाराने बाबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

बाबा घड्याळजी. तिकीट आलं तेव्हा त्यांनी दुकानातलं भिंग डोळ्याला लावून ते वाचलं. विमान सुटणार सकाळी दहाला, उतरणार दहा चाळीसला.

"अगं, फक्त चाळीस मिनिटं."

"पाच हजार किलोमीटरला?"

"विज्ञान कुठल्या कुठे गेलंय. तू डोळे मिट, उघडशील तेव्हा लेक समोर."

चाळीस मिनिटं तर कपड्यांना इस्त्री करण्यात जातात. बाई तयार झाल्या. (भूक लागणार नाही म्हणून बाबांनी डबासुद्धा घेऊ दिला नाही.)

तिला विमानतळावर सोडून बाबा दुकानात आले आणि अकराच्या सुमाराला ऐटीत लेकीला फोन लावला. "पोहोचली का आई?"

"बाबा, इथे अजून उजाडायचंय," लेक झोपेतच बोलत होती. "आईचं विमान आत्ताशी कुठे निघालंय. सहा तास लागतात."

"तिकिटावर तर चाळीस मिनिटं आहेत."

"उतरायची वेळ इथल्या घड्याळाप्रमाणे लिहितात, बाबा."

बाबांनी हातातला चिमटा खाली ठेवला. भिंतीवर दुरुस्तीला आलेली घड्याळं, प्रत्येकाची वेळ निराळी. उभा जन्म त्यांच्यात काढला, आणि एवढी साधी गोष्ट डोक्यात येऊ नये? त्यांना जेवण गेलं नाही. बायको वर ढगात घाबरून बसली असेल आणि आपण तिला फसवून पाठवलं, हेच डोक्यात घुमत राहिलं.

संध्याकाळी फोन वाजला. बायकोच होती.

"चाळीस मिनिटं झाली तशी मी बॅग काढायला उभी राहिले."

"मग?" बाबांनी विचारलं.

"शेजारच्या बाईंनी हात धरून बसवलं, सगळं समजावलं. उतरेपर्यंत हात सोडला नाही त्यांनी. पण खरं सांगू? सहा तास म्हणाला असतात, तर मी उंबरा ओलांडला नसता. लेकीने मला पाहिलं आणि गळ्यात पडून रडली हो. उपकारच झाले तुमचे."

बाबांचे डोळे भरून आले. त्या अनोळखी बाईंचे पाय धरावेत असं त्यांना वाटलं. "त्यांना आपला पत्ता दिलास ना? म्हणावं, घरातली सगळी घड्याळं आणा, एक पैसा घेणार नाही."

"माझे हे घड्याळजी आहेत म्हटल्यावर त्यांनी बंद पडलेलं घड्याळ पर्समधून काढलंही होतं."

"मग आणतेस ना?"

"नाही. त्यांनी विचारलं, चाळीस मिनिटांचं कोणी सांगितलं. मी आपलं खरं ते सांगितलं. त्यांनी घड्याळ परत पर्समध्ये ठेवलं."