सात नंबरची माहेरवाशीण

चिखलदऱ्याच्या त्या रिसॉर्टमध्ये चांगली कॉफी होती, पण ती स्वतःच सुट्टीवर आलेली असल्यामुळे कुणाला प्यायला मिळत नव्हती. ती सात नंबरच्या कॉटेजमध्ये उतरली होती.

रजनी काळमेघ यांना हे पहिल्या सकाळी नाश्त्याच्या वेळी कळलं. यंत्रातून आलेल्या कोमट पाण्याचा एक घोट घेऊन त्यांनी कप खाली ठेवला आणि वाढायला उभ्या असलेल्या देवरावजींना विचारलं, "दुसरी नाही का?"

"आहे ना मॅडम," देवरावजी म्हणाले. "सातमध्ये आहे. पण थे आराम करून राह्यली."

रजनीबाई अमरावतीच्या एका शाळेत एकतीस वर्षं शिकवत होत्या. एप्रिलभर त्यांनी दहावीचे पेपर तपासले होते, मे महिन्यात मुलीचं बाळंतपण केलं होतं, आणि जूनमध्ये शाळा उघडायच्या आत चार दिवस कुठेतरी जाऊ, असं त्यांनी जन्मात पहिल्यांदा तोंडानं मागितलं होतं. त्या चार दिवसांकडून त्यांची एकच अपेक्षा होती. दुसऱ्या कुणीतरी केलेली चांगली कॉफी बसून, गरम असताना प्यायची.

"तू चहा घे ना," त्यांचे यजमान प्रल्हादराव म्हणाले. चहा चांगला होता. ते दुसरा कप घेत होते.

रजनीबाई उठून मॅनेजरकडे गेल्या. मॅनेजर धर्माळे यांनी रजिस्टर उघडून दाखवलं. नाव, कॉफी. कुठून आली, अकोला. मुक्काम, रविवारपर्यंत. येण्याचं कारण, विश्रांती.

"ती मूळची इथल्याच मळ्यातली," धर्माळे म्हणाले. "अकोल्याच्या एका हॉटेलात दिली होती तिला. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा माहेरी आली. तिला कामाला कसं लावू, तुम्हीच सांगा."

"मला एकच कप हवा होता."

"सगळ्यांना एकच हवा असतो, मॅडम. मागच्या आठवड्यात नागपूरचे एक साहेब साखर घेऊन तिच्या दाराशी उभे राहिले. शेवटी त्यांना दुसऱ्या रिसॉर्टवर हलवावं लागलं."

भेट मात्र घेता येत होती, पाहुणीची हरकत नसली तर. रजनीबाईंनी अर्ज लिहिला. कारणाच्या जागी त्यांनी 'पिण्यासाठी' असं लिहिलं होतं. धर्माळे यांनी ते खोडून 'विचारपूस' केलं आणि कागद आत पाठवला. दुसऱ्या दिवशी दुपारी चारची वेळ मिळाली.

चार वाजता प्रल्हादराव पॉइंट बघायला निघाले आणि रजनीबाई सात नंबरकडे. पर्समध्ये त्यांनी खोलीतला कप रुमालात गुंडाळून घेतला होता. असं करणं त्यांना शोभत नव्हतं, हे त्यांना कळत होतं.

कॉफी व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर बसली होती. स्टीलच्या पेल्यात होती, काठोकाठ, आणि तिची वाफ सरळ वर जात होती. तो वास रजनीबाईंनी भरभरून घेतला. त्या समोरच्या खुर्चीवर बसल्या.

"कप आणला असेल तुम्ही," कॉफी म्हणाली. आवाजात राग नव्हता.

"आणलाय," रजनीबाई म्हणाल्या. आयुष्यभर मुलांना खरं बोला म्हणून सांगितल्यावर दुसरं काही सुचलं नाही.

"सगळे आणतात. तुम्ही निदान लपवून आणला." मग ती सांगू लागली. "पहाटे पाचला शटर वर जायचं, बाई. लोक मला पितात आणि ताजेतवाने होऊन कामाला जातात. मी तिथेच. पुन्हा नवा पेला, पुन्हा तेच. कशी आहेस, असं कुणी विचारलं नाही. साखर कमी आहे, एवढं सांगायचे."

"आमच्याकडे मीठ," रजनीबाई म्हणाल्या.

दरीतून धुकं वर आलं आणि व्हरांड्याच्या कठड्याशी थांबलं. रजनीबाईंनी मग स्वतःबद्दल सांगितलं. फार नाही. पेपरांचे गठ्ठे, मुलीचं बाळ, घरी सगळ्यांची कॉफी करून झाल्यावर स्वतःची ओट्याशी उभ्यानं, निवलेली.

कॉफीनं सगळं ऐकून घेतलं. "घ्या," ती म्हणाली. "इथे कुणी नाही. दोन घोटांत सुटेन मी, आणि रविवारी परत जायचंही टळेल. मी तक्रार करायला उरणार नाही."

रजनीबाईंनी कप बाहेर काढला. पेल्याकडे हात नेला. स्टील गरम होतं, आणि ती कॉफी तशीच होती जशी त्यांना एप्रिलपासून हवी होती. आपल्या हाताकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी कप पुन्हा रुमालात गुंडाळला.

"मला नाही जमणार," त्या म्हणाल्या.

"मग ती तिसरी खुर्ची ओढा आणि पाय वर घ्या," कॉफी म्हणाली. "इथे तेवढ्यासाठीच येतात."

रजनीबाईंनी पाय वर घेतले. कधी डोळा लागला ते कळलं नाही. जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. पेल्यातली वाफ थांबली होती आणि कॉफी साय अंगावर ओढून गाढ झोपली होती. रजनीबाईंनी पेला अलगद उचलून आत पलंगावर, उशीला टेकवून ठेवला. मग मोकळ्या राहिलेल्या दुसऱ्या पलंगावर त्या आडव्या झाल्या. जेवायच्या वेळी देवरावजी येऊन बघून गेले आणि त्यांनी प्रल्हादरावांना निरोप दिला, "बाई सातमध्ये शिफ्ट झाल्या."

रविवारी सकाळी अकोल्याहून हॉटेलमालक किणी कॉफीला न्यायला आले. हातात रिकामा थर्मास होता. त्याच वेळी प्रल्हादराव बॅगा घेऊन आले, कारण टॅक्सी दहाची होती. दार रजनीबाईंनी उघडलं. केस मोकळे होते आणि गालावर उशीची घडी उमटली होती.

"झोपलीय ती," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"गिऱ्हाईक खोळंबलंय हो," किणी म्हणाले. "मागच्या आठवड्यापासून लोक येऊन परत जातात."

"जाऊ द्या."

"कधी उठेल?"

"ते तिला विचारायचं झालं तर उठवावं लागेल."

किणींना हे पटलं. ते पायरीवर बसले आणि थर्मास बाजूला ठेवला. प्रल्हादरावांनी घड्याळ बघितलं, मग बायकोकडे बघितलं. इतक्या वर्षांत सकाळी साडेनऊला त्यांनी तिला असं कधी पाहिलं नव्हतं.

"आणि तू?" त्यांनी विचारलं.

"मी पण," रजनीबाई म्हणाल्या.

प्रल्हादराव बॅगा तिथेच ठेवून टॅक्सीकडे गेले. टॅक्सीवाल्याला थांबू नको म्हणून सांगून ते आले आणि किणींच्या शेजारी बसले. किणींनी सरकून जागा करून दिली. रजनीबाईंनी कडीचा आवाज होऊ नये म्हणून दार नुसतंच लोटून घेतलं आणि त्या उरलेली झोप पुरी करायला आत गेल्या.