लाल डबीतलं जिनसेंग

औषधी मुळांच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये! आमचे बाबा चाळीस वर्षं औषधांच्या दुकानात मुळं कापत आणि तोलत होते. मी नोकरी केली पाणीपुरवठ्यात, पण नाक बाबांचं घेतलंय, असं मी गावभर सांगत फिरायचो. म्हणूनच तर पुढचा तमाशा झाला.

बाबा शेवटच्या घटका मोजत होते. छातीत कफ दाटलेला, दोन दिवस तोंडातून शब्द नाही. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. धाकटा भाऊ युनशेंग सहा वर्षांपूर्वी बाबांशी भांडून दक्षिणेला गेला, तो आज पहिल्यांदा घरी येत होता, आणि त्याची गाडी बर्फात अडकली होती! तो पोचेपर्यंत बाबांनी तग धरावा, एवढंच आम्हाला हवं होतं.

"रडताय कशाला? डबी आहे ना!" मी म्हणालो.

कपाटावरची ती लाल डबी आजोबांची. आत डोंगरातलं साठ वर्षांचं रानटी जिनसेंग. त्याची चकती जिभेखाली ठेवली की गेलेला जीव उंबऱ्यावरून मागे फिरतो, लांबचा मुलगा येईपर्यंत थांबतो, हे आमच्या डोंगराखाली पोराबाळांनाही ठाऊक. दुखणीखुपणी आली, पण डबी कुणी उघडली नाही. ती शेवटच्या श्वासासाठी होती.

मी डबीवरचा दोरा तोडला, मूळ नाकाशी धरलं आणि ऐटीत म्हणालो, "अस्सल!" मग पातळ चकती कापून बाबांच्या जिभेखाली ठेवली. शेजारच्या गोंगकाकू भक्तिभावाने हात जोडून उभ्या राहिल्या.

तेवढ्यात चुलीपाशी पातेलं दिसलं.

"ताई, यात काय होतं?"

"मुळ्याचं सार," गुइझीताई म्हणाली. "कफ सुटावा म्हणून सकाळी चार चमचे पाजलं."

"मुळा?" मी किंचाळलोच. "जिनसेंगवर मुळा? बाबांनी जन्मभर काय सांगितलं? मुळा नको, चहा नको, अंगात ताप असेल तर मुळीच नको! मुळ्याने सगळा गुण उतरतो! बाबांना मारलंस तू!"

"मी मारलं? सकाळी डबी काढणार आहेस हे मला स्वप्नात दिसणार होतं का रे, मधल्या?"

"विचारायचं तरी!"

"तू आठ वाजेपर्यंत घोरत होतास! रात्रभर त्यांची छाती मी चोळली!"

गोंगकाकू मध्ये पडल्या. "अरे, दुसरी चकती द्या. मुळ्यापेक्षा जास्त झाली की जिनसेंग जिंकेल!"

मग दुसरी दिली. घाबरून तिसरी दिली. आता जिनसेंग फार झालं तर नाकातून रक्त येईल, म्हणून ताई टॉवेल धरून बसली. आणि एकदम बाबांच्या छातीत घरघर झाली. त्यांनी डोळे फिरवले. ताईने हंबरडा फोडला. मी बाबांच्या अंथरुणाशी गुडघे टेकले.

बाबा खोकले. असे खोकले, की काकू दोन पावलं मागे सरकल्या! कफाचा मोठा गोळा टॉवेलात पडला, आणि दोन दिवसांनी बाबा स्पष्ट आवाजात बोलले,

"हे जिनसेंग म्हणाला कोण?"

"मी," मी अभिमानाने म्हणालो. "डबीतलं, बाबा!"

"गाढवा, हे घंटाफुलाचं मूळ आहे. खोकल्याचं. बाजारात याचं लोणचं मिळतं."

काकूंचे जोडलेले हात सुटले.

"आणि खरं कुठे गेलं?" ताईने विचारलं.

बाबांनी माझ्याकडे बोट केलं. "हा मधला पायाळू. बाहेर यायलाच तयार नव्हता. तुमची आई गार पडायला लागली. मी डबी उघडली आणि अख्खं मूळ उकळून तिला पाजलं. तुमच्या आजोबांच्या भीतीने हे आत ठेवून दोरा बांधला."

"पण आजोबा गेल्यावर तरी सांगायचं, बाबा!"

"काय सांगायचं? कुणी आजारी पडलं की तुम्ही त्या डबीकडे बघायचात आणि निवांत झोपायचात. मला ते बरं वाटायचं."

मला रडू आवरेना. त्यांच्या शेवटच्या श्वासाचं मूळ मी जन्मायच्या आधीच संपवून बसलो होतो, आणि वर ताईवर ओरडत होतो.

"रडतोस काय?" बाबा म्हणाले. "ताईची माफी माग. आणि ते सार दे. या मुळावर मुळा चालतो."

युनशेंग दुपारी चारला आला. अंगावरचा बर्फही न झटकता बाबांच्या पायाशी बसला. दोघे काय बोलले ते मी ऐकलं नाही, ताईने मला बाहेर ओढलं. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा गेले.

डबी मी पुन्हा दोरा बांधून कपाटावर ठेवली आहे. नातवंडं विचारतात तेव्हा सांगतो, साठ वर्षांचं जिनसेंग आहे, हात लावू नका. ती निवांत झोपतात. मला मात्र खोकला झाला की चोरून थोडं कापून घेतो.